घरचं बियाणं राखताय? आधी या चुका टाळा

कोथरूडच्या गच्चीवर तीन वर्षं मी घरच्याच धण्यांची कोथिंबीर लावली. पहिल्या वर्षी दीड महिना खुडायला मिळाली. तिसऱ्या वर्षी वीतभर होते न होते तोच फुलावर आली. माती बदलली, शेणखत घातलं, दुपारच्या उन्हाला आडोसा केला, तरी फरक पडेना. चूक मातीत नव्हतीच. जे रोप सगळ्यांत आधी फुलायचं त्याचेच धणे आधी वाळायचे, आणि मी तेच हौसेने पुडीत बांधून ठेवायचे. लवकर फुलणारी कोथिंबीर मीच माझ्या हाताने निवडत होते.

माणसाची शेती अशाच निवडीतून घडली. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे झडून जमिनीवर पडत. झाडाच्या दृष्टीने ते बरोबरच. पण कापणाऱ्याच्या हाती लागत ते न झडणाऱ्या ओंब्यांचे दाणे. पश्चिम आशियात सुमारे १० हजार वर्षांपूर्वी लोक तेच घरी आणत आणि त्यातलेच पुन्हा पेरत. कुणी ठरवून केलं नाही, तरी पिढ्यान् पिढ्यांनंतर गहू असा झाला की दाणे ओंबीतच राहू लागले. आपल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जव सापडलं, धान्याच्या कणग्यांच्या खुणाही सापडल्या. पुढच्या पेरणीपर्यंत बी राखायचं तर माणसाला घर करून राहावं लागतं. म्हणून त्या कणग्या मला फार जवळच्या वाटतात.

तर कोथिंबिरीचा उपाय: आधी फुलणारी रोपं उपटून चटणीत घाला. सगळ्यांत उशिरा फुलणाऱ्या रोपांना लाल दोरा बांधा आणि धणे त्यांचेच ठेवा. मेथी-पालकालाही हेच लागू.

फळभाज्यांत चूक उलटी होते. पहिली टपोरी वांगी आपण भरून खातो आणि हंगाम संपताना वेलावर-झाडावर उरलेलं खुरटं, किडकं फळ ‘बियाला’ ठेवतो. निरोगी झाडावरचं एक चांगलं फळ सुरुवातीलाच राखून ठेवा. नुसतं फळ पाहू नका, पूर्ण झाड पाहा. ज्वारीचे जाणते शेतकरी खळ्यावरच्या ढिगातून बी काढत नाहीत, उभ्या पिकातून कणसं निवडतात. आपण भाकरीला आवडीने घेतो ती मालदांडीची एम ३५-१ ही जातसुद्धा मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडूनच काढलेली आहे.

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ (दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून काढलेलं) लिहिलं असेल तर त्याचं बी धरून बसू नका. ते उगवतं, पण पुढच्या पिढीत आईबापांचे गुण फुटून निघतात आणि एक रोप दुसऱ्यासारखं येत नाही. बी राखायचं असेल तर गावरान किंवा सुधारित, पण संकरित नसलेलं वाण घ्या.

आता सगळ्यांत गंभीर चूक, दुधीची. रानटी भोपळे कडू आणि विषारी असतात. गोड फळांचंच बी राखून राखून आपल्या पूर्वजांनी खाण्याजोगा दुधी घडवला. जवळपास कडू भोपळ्याचा वेल असेल आणि त्याचे पराग आपल्या फुलावर आले, तर त्या वर्षीचं फळ गोडच लागतं. कडूपणा त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी येतो. दुधी चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि भाजी, रस, बी सगळं फेका. शिजवून ते विष जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. म्हणून दुपारीच मादीकळीला (मागे इवलासा दुधी असतो ती) आणि त्याच वाणाच्या नरकळीला कागदी पिशवी बांधा. उमलल्यावर नरफूल मादीफुलाला लावा, मादीफुलाची पिशवी पुन्हा बांधा आणि देठाला खुणेचा दोरा लावा.

एकाच झाडाचं बी राखणंही टाळा, मक्याचं तर नक्कीच. काही पिढ्यांत रोपं दुबळी होतात. सगळीकडे एकच वाण लावलं की रोगाला रान मोकळं मिळतं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं तेच झालं. आपल्याकडे १९६५ मध्ये आलेल्या एचबी-१ या संकरित बाजरीवर काही वर्षांतच गोसावी रोग (कणसात दाण्यांऐवजी पानांसारखा झुपका येतो तो) पसरला.

साठवणीचं थोडक्यात: पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. बी सावलीत खडखडीत वाळवा, कोरड्या राखेत घोळवून काचेच्या बरणीत ठेवा. चिठ्ठीवर वाण आणि वर्ष लिहाच, शिवाय ते झाड कसं होतं तेही लिहा. माझ्या यंदाच्या धण्यांच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ‘लाल दोरा, सगळ्यांत शेवटी फुलली.’