कोकणातलं बंद घर: शाकारणी एप्रिलमध्येच उरका, आणि दिवाळीनंतर परत एकदा बघा

गावचं घर शाकारायचं, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं उतरवून नीट लावायची, ते मे महिन्याच्या शेवटी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय आणि गडबड तिथेच होते. तौक्ते चक्रीवादळ 2021 च्या मे महिन्याच्या मध्यालाच किनाऱ्यावरून गेलं, निसर्ग 2020 ला 3 जूनला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, म्हणजे कौलं उतरवून वासे उघडे असतानाच वादळ यायची पाळी. माणसं मिळत नाहीत हे मान्य, म्हणून शिमग्याला गावी जाल तेव्हाच सांगून ठेवा, थोडा ॲडव्हान्स द्या, आणि एप्रिलमध्ये काम संपवा.

वर चढणाऱ्याला फक्त फुटकी कौलं बदलायला सांगू नका. वारा पागोळीच्या कडेने, म्हणजे छपराच्या खालच्या टोकाकडून, आत शिरतो, कडेची ओळ उचलतो आणि मग बाकीची भराभर निघतात. मंगलोरी कौल उलटं करून बघा, बऱ्याच कौलांना खालच्या नाकाला भोक असतं, त्यातून तार ओवायची आणि रिपेला (कौलाखालच्या आडव्या पट्टीला) पीळ मारून घट्ट बांधायची. सगळं छप्पर नाही जमलं तरी कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळच्या (छपराच्या माथ्याजवळच्या) बांधाच. तार तांब्याची घ्या, साधी लोखंडी खाऱ्या हवेत गंजून तुटते.

पुढे पत्र्याची पडवी असेल तर तिचे वासे मुख्य छपराच्या वाशांना जोडू नका प्लीज. पडवी उघडी असते, तिच्यात वारा भरतो, ती उडाली तर एकटी उडू दे, घराचं छप्पर सोबत नको. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने चिरतात, ते दरवर्षी बघायचे.

आता थंडीचं. पूर्वी दिवाळी झाली की झापं-ताडपत्र्या काढल्या आणि कुलूप लावलं की जूनपर्यंत बघायला नको. आता तसं राहिलं नाही, 2021 ला तर 1 डिसेंबरला धो धो पाऊस पडला. त्यात पावसाळ्यानंतर माकडं कौलं सरकवून ठेवतात, बंद घरात ते कोणाला कळत नाही आणि अवकाळीचं पाणी सरळ माळ्यावर. म्हणून नोव्हेंबरमध्ये एक चक्कर माराच: दिवसा आतून सगळी दारं-खिडक्या लावून वर बघा, जिथून उजेड येतो तिथे कौल सरकलंय. वाशाचं टोक भिंतीत जातं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे, तो वासा बदला. पन्हळीतला पाला काढा. निघताना मेन स्विच बंद.

आणि कागद. कोकणात बरीच घरं अजून आजोबांच्या नावावर, हिस्सेदार दहा ठिकाणी, पंचनाम्याला तलाठी आला की नाव कोणाचं यावरूनच सगळं अडतं. घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा (घराच्या कर-नोंदीचा) आणि घराचे चारही बाजूंचे तारखेसकट फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि गावात राहणाऱ्या एका माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, कारण वादळानंतर तुम्ही पोचायच्या आधी पंचनामा होऊन गेलेला असू शकतो.