सात ठोकळे, एक बादली: शॉर्ट ट्रॅकच्या वळणावर उभं राहताना

ऑगस्ट 2025 मध्ये देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंग (बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवर घोळक्यानं होणाऱ्या शर्यती) स्पर्धा झाली, तिथं मी ट्रॅक स्टुअर्ड होतो. म्हणजे वळणावरचे ठोकळे जागेवर ठेवणारा. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन ठोकळे उचलणार?" तर हो, तेच.

पुण्यात बरीच वर्षं इनलाइन (एका रांगेतल्या चाकांचं) स्केटिंग केलं. मग गुडघा कुरकुरायला लागला, आणि ओळखीच्या प्रशिक्षकांनी विचारलं, येतोस का मदतीला? तुम्हाला कधी असं विचारलं तर पुढचं उपयोगी पडेल.

रिंक 60 बाय 30 मीटरचं, एक फेरी 111.12 मीटरची. वळणावर धावपट्टीची रेघ नसते. प्रत्येक वळणाला सात काळे रबरी ठोकळे, हीच सीमा. ठोकळ्याच्या आतून गेलेला स्केटर अंतर चोरतो, म्हणून त्याला दंड. पण ठोकळाच सरकला असेल तर पंचांनी कशावरून ठरवायचं? वाकून वळताना स्केटर डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकवतात. कधी हात, कधी स्केटचं पातं लागतं आणि ठोकळा उडतो. चांगले स्केटर एक फेरी साडेआठ-नऊ सेकंदांत मारतात. घोळका पूर्ण पुढे जायलाच दोन-तीन सेकंद लागतात, उरलेला वेळ तुमचा.

पहिल्या दिवशी मी उडालेल्या ठोकळ्यामागे धावलो. चूक. हातात कायम जादा ठोकळा ठेवायचा. आधी तो खुणेवर ठेवायचा आणि आत सरायचं. उडालेला कडेच्या गाद्यांपर्यंत गेला असेल तर शर्यत संपेपर्यंत तो आपला नाहीच.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. एकाच जागी पाती घासून बर्फ खणला जाऊ नये म्हणून ट्रॅक मधून मधून थोडा सरकवतात. त्यासाठी बर्फात पाच ट्रॅकच्या खुणा असतात, म्हणजे वळणावर ठिपक्यांची नुसती गर्दी. मी घाईत ठोकळा आधीच्या ट्रॅकच्या ठिपक्यावर ठेवला. पलीकडून वरिष्ठ ओरडले, "अरे, तो नाही!" घोळका यायच्या आत हलवला खरा, पण तेवढ्या थंडीतही मानेवर घाम आला. तेव्हापासून ट्रॅक बदलला की सातही ठिपके एकदा बोटानं मोजून घेत होतो.

दोन शर्यतींच्या मधे बादलीनं पाणी ओतायचं. हे अंगणात सडा घालण्यासारखं नाही. शिंतोडे उडवले तर ते तसेच गोठून बर्फावर पुरळ उठतं. बादली खाली धरून, चालत चालत, पातळ थर पसरवायचा. तेही जिथं पाती रुततात तिथंच. डबकं झालं तर ते वेळेत गोठत नाही. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटच्या फेरीत डोळे पुढच्या स्केटरवर खिळतात. तसं करू नका. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 1000 मीटरच्या अंतिम शर्यतीत पुढचे चौघं शेवटच्या वळणावर एकमेकांत अडकून पडले आणि सगळ्यात मागे असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्हन ब्रॅडबरीनं सुवर्णपदक नेलं. लोक त्याला नशीब म्हणतात. वळणावर उभं राहिलं की दिसतं, अंतर ठेवून मागे राहणं हाही एक डाव असतो. पडणाऱ्याला सावरायला मात्र हात पुढे करायचा नाही. पात्याचं टोक नियमानं गोल घासलेलं असतं, पण धार ती धारच. स्केटर कापली न जाणारी कापडं घालून उतरतात, तुमच्या अंगावर साधं जॅकेट.

रिलेला सगळ्यात जास्त गोंधळ. पुरुषांची 5000 मीटरची रिले म्हणजे 45 फेऱ्या. चार संघांचे मिळून सोळा स्केटर बर्फावर, त्यातले बारा मधल्या जागेत फिरत राहतात, आपल्या पाळीला बाहेर पडतात आणि कमरेवर मागून ढकलून घेतात. तुम्हीही त्याच मधल्या जागेत. तिथं मी नवख्याला एकच सांगेन: जागा सोडू नका. स्केटर तुम्हाला खांबासारखं धरून चालतात, आणि खांब हलला की धडक होते.

हातमोज्यांचे दोन जोड न्या. पहिला बादलीत भिजतोच.