खाऱ्या टाकीत शेवाळ आलंय? आधी हात आवरा

"शेवाळ आलंय, काय टाकू?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. सोबत फोटो असतो, तोही निळ्या लाइटखाली काढलेला, म्हणजे हिरवं, तपकिरी की लाल हेही कळू नये. समुद्री माशांची टाकी ४० लिटरची, वय सहा आठवडे. आणि विचारणाऱ्याने बहुधा एखादी बाटली आधीच ओतलेली असते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

ओळख न पटवता उपाय करणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटातून निघतात. नव्या टाकीत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी बसते, ती डायटम या सूक्ष्म शेवाळाची. पाण्यातलं सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत ती आपसूक जाते. तिला काही करू नका. खरंच, काही करू नका. लाल-मरून चिकट साय चादरीसारखी उचलली जात असेल तर ते शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. केसांसारखं वाढणारं हिरवं शेवाळ, म्हणजे 'हिरवे केस', वेगळे आणि पिसासारखी नक्षी असलेलं ब्रायोप्सिस वेगळं. ब्रायोप्सिस नुसतं उपटून जात नाही, तिथे फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालतं. हिरवे चकचकीत फुगे दिसले तर ते टाकीत फोडू नका, खडक बाहेर काढून अख्खे खरवडा.

नळाचं पाणी, 'फक्त भर घालायला'

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मीठ कालवायला लोक चांगलं पाणी वापरतात आणि रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर मात्र नळाखाली तांब्या धरून घालतात. "एक लिटरने काय होतंय?" हिशेब करा. वाफ होते ती निव्वळ पाण्याची. फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, सगळं मागे राहतं. ४० लिटरच्या टाकीत रोज एक लिटर भर घातली, तर ४० दिवसांत अख्ख्या टाकीभर नळाच्या पाण्यात विरघळलेला माल तुम्ही आत साठवलेला असतो. आठवड्याला थोडंसं पाणी बदलून तो पूर्ण निघत नाही.

घरातला पिण्याचा आरओ हे त्याचं उत्तर नव्हे. चवीसाठी त्यातले बरेच फिल्टर क्षार मुद्दाम परत मिसळतात. आरओनंतर उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन हवं आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. त्यातही एक मेख आहे. रेझिन दमायला लागलं की सिलिकेट लवकर निसटतं, आणि मीटर तेव्हाही शून्यच दाखवत असतो. म्हणून मी रंग बदलणारं रेझिन घेतो आणि तीन-चतुर्थांश रंग उतरला की फेकतो. कंजूषपणा करायची ही जागा नाही.

शून्याचा हट्ट

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

माझ्या दुसऱ्या टाकीत हिरव्या केसांचं रान माजलं होतं. फॉस्फेट तपासलं तर शून्य. तेव्हा कळलं नाही की शेवाळच ते खाऊन बसलंय, म्हणून पाण्यात दिसत नाहीये. मी फॉस्फेट शोषणारे लोखंडी (आयर्न ऑक्साइडचे) दाणे मापाच्या दुप्पट भरले, आठवड्यातून दोनदा पाणी बदललं, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. तीन आठवड्यांत खडक पांढरे स्वच्छ. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. भेटेल त्याला फोटो दाखवत होतो.

मग वाळूवर तपकिरी थर दिसायला लागला. डायटम असतील म्हणून आणखी पाणी बदललं. थर वाढला. दुपारी सगळं तपकिरी, सकाळी लाइट लागायच्या आधी बघावं तर जवळजवळ साफ. मग खडकांवरून शेंबडासारखे धागे लोंबायला लागले, प्रत्येकाच्या टोकाला हवेचा बुडबुडा. त्याच आठवड्यात गोगलगायी उताण्या पडायला लागल्या. पाचपैकी चार गेल्या. शेवटी एकाकडून सूक्ष्मदर्शक मागून आणला. एक थेंब काचेवर घेतला तर अश्रूसारख्या एका टोकाला निमुळत्या पेशी, खुंटाला बांधल्यासारख्या गोल गोल फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, आणि विषारी.

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की यांच्याशी जागेसाठी भांडणारं शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात, आणि डायनोंना मोकळं रान मिळतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात मी स्वतःच चालत गेलो होतो.

उपाय मनाला पटत नव्हता तरी केला. लोखंडी दाणे काढले, पाणी बदलणं थांबवलं, खाणं वाढवलं, नायट्रेट आणि फॉस्फेट वरून थेंबाथेंबाने घातलं. ही जात रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगते, म्हणून पाण्यातले जीव मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा लावला. (वाळूतच राहणाऱ्या ॲम्फिडिनियमवर यूव्ही फारसा चालत नाही. पुन्हा तेच, आधी ओळख.) फिल्टरचा कापूस रोज बदलला. अडीच महिने लागले. एक दिवस काचेवर हिरवट धूळ दिसली आणि मला लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला.

तेव्हापासून मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास ठेवतो. काच आठवड्यातून दोनदा पुसावी लागते. लागू दे.

बाकीच्या, थोडक्यात

हिरवे केस टाकीतच ब्रशने घासू नका, तुकडे सगळीकडे पेरले जातात. मी खडक टाकीच्याच पाण्याच्या बादलीत काढतो, हाताने उपटतो, उरलेल्या मुळांवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ड्रॉपरने सोडतो, दोन-तीन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवतो. पेरॉक्साइड थेट टाकीत ओतणारे लोक आहेत. त्यांच्या क्लीनर कोळंब्या मेल्या की तेही मलाच विचारतात.

सायनोसाठी आधी बारीक नळीने साय ओढून काढा आणि पाण्याचा प्रवाह त्या कोपऱ्यात वळवा. औषध अगदी शेवटी, आणि तेही एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून, कारण सायनो मरताना पाण्यातला ऑक्सिजन घटतो.

तीन दिवस अंधार करून दिसणारं शेवाळ जातं, त्याचं खाद्य जात नाही. लाइट रोज आठ तास पुरे, त्यातला पांढरा प्रकाश कमी ठेवा.

गोठवलेलं खाणं वितळल्यावर त्याचं पाणी गाळून फेका.

गोगलगायी डझनाने आणू नका. ४० लिटरमध्ये मोठी टर्बो एकच खूप झाली. शेवाळ संपलं की ती उपाशी मरते, मागे कुजते, आणि त्या अमोनियाचं पुढे शेवाळच होतं. "शेवाळ खाणारा मासा" म्हणून कुणी टँग गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा, त्याला पोहायला तुमच्या टाकीच्या कितीतरी पट जागा लागते.

आणि फोटो पाठवायचा असेल तर पांढऱ्या लाइटखाली काढा, एक सकाळी लाइट लागण्यापूर्वी टॉर्चवर आणि एक दुपारी. सोबत नायट्रेट, फॉस्फेट आणि टीडीएसचे आकडे. आतापर्यंत काय काय ओतलं, तेही.