ग्रेनडा ते मार्टिनिक: शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड करणाऱ्या दोघांसाठी

तुम्ही दोघं बोट घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनडात आला असाल, किंवा इथेच बोट विकत घेणार असाल, तर पहिले पंधरा दिवस पुढे जायची घाई करू नका. ग्रेनडा ते मार्टिनिक हे अंतर सरळ रेषेत जेमतेम दीडशे सागरी मैल आहे, ते कुठे पळून जात नाही. एकाने बोट चालवायची आणि दुसऱ्याने दोऱ्या धरायच्या, स्वयंपाक बघायचा, ही वाटणी बहुतेक जोडप्यांत नकळत पडते. ती आधी मोडा. बोटीवर माणसं दोनच असतात. ज्याला सगळं येतं तोच पाण्यात पडला, तापाने निजला किंवा पाठ धरून बसला, तर उरलेल्या एकट्याला शीड उतरवून, इंजिन लावून, नांगर टाकता आला पाहिजे. दोन माणसांनी बोट जगभर फिरवता येते यात शंका नाही. गोव्यात बांधलेली 'तारिणी' ही शिडाची बोट घेऊन नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघीच 2024-25मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. पण त्या दोघींनाही सगळी कामं येत होती.

पाण्यात पडलेल्याला वाचवायचा सराव नारळाने करा. असोला नारळ पाण्यात माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो, आणि दोन मीटरच्या लाटेत तो किती पटकन दिसेनासा होतो हे एकदा अनुभवलं की स्वतःला बोटीशी अडकवणारा पट्टा बांधायचा कंटाळा येत नाही. क्रम असा: ओरडा, तरंगतं कडं फेका, प्लॉटरवरचं (नकाशाच्या पडद्यावरचं) एमओबी, म्हणजे 'माणूस पाण्यात', हे बटण दाबा, नजर नारळावरून हलवू नका. लगेच बोट वाऱ्यात वळवा. इंजिन गिअरमध्ये टाकण्याआधी पाण्यात दोरी लोंबत नाही ना ते बघा, कारण पंख्यात दोरी अडकली की वाचवणारी बोटच लंगडी होते. खरी अडचण यानंतर येते. भिजलेला ऐंशी किलोचा माणूस पंचावन्न किलोच्या माणसाला हातांनी वर ओढता येत नाही. बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकाला जोर चौपट करणारी चार-एकची कप्पी किंवा विंचवर (दोरी ओढायच्या चक्रावर) घेतलेली हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायची दोरी, लागते. बोट नांगरावर असताना, शांत पाण्यात, दोघांनी आळीपाळीने एकमेकांना असं वर काढून बघा. रात्रीचा नियम एकच: जागा असलेला जोडीदार दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिटबाहेर (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेबाहेर) पाऊल टाकत नाही.

आता नांगर. सर्वांत जास्त भांडणं याच वेळी होतात, आणि कारण साधं असतं: नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्याला तळ दिसतो, सुकाणूवरच्याला दिसत नाही, आणि वाऱ्यात कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही. म्हणून हुकूम नाळेवरूनच, तोही हाताने. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब: पाच खुणा आधी ठरवा. विंडलास (साखळी ओढायचं यंत्र) विजेवर चालत असेल तर नाळेवर ताकदीचं काम नसतं, त्यामुळे जागा अधूनमधून बदला.

साखळी किती सोडायची हा हिशोब पाण्याच्या खोलीवर थांबत नाही. खोली पाच मीटर, त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची एक मीटर, भरतीचा अर्धा मीटर (इथे भरती-ओहोटीचा फरक त्याहून फारसा नसतो), म्हणजे साडेसहा. दिवसा थोडा वेळ थांबायचं तर याच्या पाचपट, बत्तीस-तेहतीस मीटर साखळी. रात्रीसाठी सातपट, पंचेचाळीस. चाळीस फुटी बोटीला वीस-पंचवीस किलोचा नांगर आणि दहा मिलिमीटरची निदान साठ मीटर साखळी असावी. वाऱ्याच्या तोंडाला बोट पूर्ण थांबू द्या, मगच नांगर सोडा. बोट मागे सरकेल तशी साखळी सोडत जा, एका जागी ढीग पडू देऊ नका. सगळी सुटली की इंजिन मागे घ्या, आधी हळू, मग अठराशे-दोन हजार आरपीएमवर अर्धा मिनिट. या वेळी किनाऱ्यावरचं घर आणि मागचं झाड एका रेषेत धरून ठेवा. रेष सरकली तर नांगर घसटतोय. शेवटी आठ-दहा मीटरची नायलॉनची दोरी साखळीला हुकाने जोडून भार तिच्यावर घ्या. ती ताणते म्हणून झटका विंडलासला बसत नाही.

मग मास्क लावून खाली उतरा आणि नांगर डोळ्यांनी बघा. पांढऱ्या वाळूत तो दांड्यापर्यंत गाडलेला असतो. समुद्री गवतावर तो कुशीवर पडून राहतो आणि इंजिन मागे घेताना धरल्यासारखा वाटतो. रात्री सरीबरोबर तीस नॉटचा वारा आला की तो सुटतो. प्रवाळावर नांगर टाकू नका: साखळी खडकाला वेढे घेते, आणि प्रवाळ जे मोडतं ते आपल्या हयातीत भरून येत नाही.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. डिसेंबर ते मे पूर्वेचा व्यापारी वारा पंधरा ते पंचवीस नॉट, नाताळच्या आसपास काही दिवस तीसपर्यंत. बेटाच्या पश्चिमेला, आडोशाला, वारा पडलेला असतो. नवे लोक तिथे पूर्ण शीड उघडतात आणि बेटाचं टोक ओलांडताच बोट आडवी होते. टोकाशी वारा एकवटतो, शिवाय दोन बेटांमधला प्रवाह पश्चिमेला ढकलतो. म्हणून शीड आडोशालाच आखडून घ्या, दोन रीफ (शिडाच्या दोन घड्या). ग्रेनडाहून त्याच देशाच्या उत्तरेकडच्या कॅरियाकू बेटाला जाताना वाटेत समुद्राखाली किक-एम-जेनी हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती निदान दीड किलोमीटरचं वर्तुळ कायम टाळायचं असतं, इशारा वाढला तर पाच. निघण्याआधी त्या दिवसाची पातळी बघा. टोबॅगो कीज या प्रवाळांनी वेढलेल्या छोट्या बेटांमध्ये शिरायचं ते सकाळी दहा ते दुपारी दोन-अडीचच्या दरम्यान, पोलराइज्ड गॉगल लावून, एक जण नाळेवर उभा. सूर्य समोर असेल तर तपकिरी खडक आणि निळं पाणी वेगळं ओळखू येत नाही.

कागदपत्रांत फार गुंतागुंत नाही, पण शिस्त लागते. प्रत्येक देशात शिरताना पिवळा झेंडा, आणि मंजुरी मिळेपर्यंत फक्त कप्तान किनाऱ्यावर. मागच्या बंदराचा निघाल्याचा कागद जपून ठेवा, पुढचं बंदर तो मागतंच. सेलक्लिअर या संकेतस्थळावर माहिती आधी भरून ठेवली तर खिडकीपुढचा वेळ वाचतो. भारतीय पासपोर्ट असेल तर मार्टिनिक आणि ग्वाडलूप या फ्रेंच बेटांसाठी व्हिसा वेगळा लागतो. नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. भारतातून येणारं विमान लंडन किंवा अमेरिकेमार्गे असेल तर ट्रान्झिट व्हिसाचंही आधी बघा. एकतर्फी तिकिटावर येत असाल तर बोटीच्या नोंदणीची प्रत आणि कप्तानाचं पत्र हातातल्या पिशवीत ठेवा. पैशाचं म्हणाल तर ग्रेनडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशियात ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, 2.70ला एक अमेरिकन डॉलर असा तो बांधलेला आहे. मार्टिनिकमध्ये युरो.

वीज आणि पाणी यांवर रोजचा जीव अवलंबून. बारा व्होल्टचा फ्रिज या उकाड्यात दिवसाला पन्नासच्या आसपास अँपिअर-तास खातो. चारशे वॅटचे सोलर पॅनेल चांगल्या उन्हात शंभर-सव्वाशे देतात, पण पॅनेलवर बूमची बारीक सावली पडली तरी उत्पादन झपाट्याने उतरतं. नांगरावर असताना बूम एका बाजूला ओढून बांधा. पाणी जपून वापरलं तर दोघांना दिवसाला वीस-पंचवीस लिटर पुरतं. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असेल तर तेलाचा तवंग असलेल्या बंदरात तो चालवू नका. तो गोड्या पाण्याने धुताना धक्क्यावरचं क्लोरीनचं पाणी कार्बन फिल्टरशिवाय त्यात जाऊ देऊ नका, आतला मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) खराब होतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. स्वयंपाक झाला की शेगडीबरोबर सिलिंडरचा कॉकही बंद करा. कुकर मात्र घरून आणाच. झाकण बंद असल्याने बोट हेलकावली तरी वरण सांडत नाही, आणि गॅस वाचतो.

खाण्याच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. सेंट जॉर्जेसच्या बाजारात निरफणस मिळतो, अळूची पानं 'कॅलालू' म्हणून जुड्यांनी मिळतात, आणि हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा. ग्रेनडाचं राष्ट्रीय पक्वान्न 'ऑइल डाउन' म्हणजे निरफणस, कॅलालू आणि खारवलेलं मांस नारळाच्या दुधात हळद घालून आटवलेलं. हळदीला इथले लोक 'सॅफ्रन' म्हणतात, तेव्हा केशर समजून घेऊ नका. जायफळ तर इथल्या झेंड्यावरच आहे. 1857पासून आलेल्या भारतीय मजुरांमुळे रोटी घराघरांत पोचली. गोडा मसाला, हिंग आणि आमसुलं मात्र घरूनच आणा. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर घेऊ नका, त्यांतून झुरळांची अंडी येतात. केळ्यांचा घड आधी समुद्राच्या पाण्यात बुडवून घ्या.

बाराकुडा आणि प्रवाळ खडकांत राहणारे मोठे मासे खाऊ नका. त्यांच्या मांसात साठणारं सिग्वाटेराचं विष शिजवून किंवा गोठवून जात नाही. किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मँचिनील झाड ओळखायला शिका. पावसात त्याच्याखाली उभं राहिलात तर नुसत्या थेंबांनी कातडीवर फोड येतात. मलेरिया इथे नाही, डेंग्यू आहे. उलटीसाठी स्टुजेरॉन भारतातून आणा आणि निघायच्या आदल्या रात्री घ्या, लाट लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

जून ते नोव्हेंबर वादळांचे. ग्रेनडा बारा अंशावर, म्हणून सुरक्षित, असं ऐकाल. 1 जुलै 2024ला बेरिल चौथ्या श्रेणीचं वादळ होऊन कॅरियाकूवर आलं, आणि खारफुटीच्या आडोशाला बांधलेल्या बोटीही त्यातून सुटल्या नाहीत. त्या महिन्यांत घरी जायचं असेल तर बोट यार्डात उचलून जमिनीतल्या हुकांना पट्ट्यांनी बांधून घ्या. जागेचं बुकिंग फेब्रुवारीतच करा. शिडं आणि बिमिनीचं (वरच्या सावलीच्या छताचं) कापड उतरवा, समुद्राच्या पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, गाद्या उभ्या करा, फ्रिजचं झाकण उघडं ठेवा. हे सगळं कुठे कसं आहे त्याची यादी दोघांच्याही फोनमध्ये असू द्या, कारण परत येताना आधी कोण पोचेल ते ठरलेलं नसतं.