प्लॅन कॉपी करू नका, एक्सरेफ लावा

आमच्या ऑफिसात पाच जण ऑटोकॅडवर, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर बसतो. पूर्वी प्रत्येकाकडे प्लॅनची आपापली कॉपी असायची. एका सात मजली इमारतीत मी टॉयलेटची डक्ट (पाइपांची उभी पोकळी) १५० मिमी सरकवली, शेजारच्या टेबलावर सांगितलंही. पण टॉयलेट डिटेलच्या फाइलीतली डक्ट जुन्याच जागी राहिली आणि स्लॅबमधला कटआउटही तिथेच सुटला. ब्रेकर चालला तेव्हा मी साइटवर उभी होते. त्यानंतर आम्ही सगळे एक्सरेफवर आलो, म्हणजे दुसऱ्याची फाइल कॉपी न करता आपल्या फाइलीत नुसती जोडून दाखवायची; मूळ फाइल बदलली की इथेही बदलते.

नियम एवढाच: एक भिंत एकाच फाइलीत. ग्रिड आणि कॉलम एका फाइलीत, भिंती-दारं-खिडक्या दुसरीत. इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, फर्निचर यांच्या फाइली वेगळ्या; त्यांत प्लॅन काढायचा नाही, खाली एक्सरेफ म्हणून ठेवायचा.

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी युनिट मिलिमीटर करा आणि ग्रिडचा ए-१ छेद ०,०,० वर आणा. स्ट्रक्चरल कन्सल्टंटलाही तेव्हाच सांगा, नंतर कोणी ऐकत नाही. लावलेला प्लॅन २५.४ पट मोठा दिसला, तर त्या लावलेल्या फाइलीत इंच सेट आहेत असं समजा.

आता लावायचं कसं? एक्सआर टाइप करून एंटर मारा, उघडलेल्या पॅलेटमधून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) निवडा. इन्सर्शन पॉइंट स्क्रीनवर दाखवायची खूण काढा, म्हणजे फाइल ०,०,० वर बसते. पुढे अटॅच की ओव्हरले, असं विचारतं. आमच्याकडे ओव्हरलेच. अटॅच केलेली फाइल पुढच्या फाइलीतही मागोमाग जाते. मी सीलिंगच्या शीटमध्ये इलेक्ट्रिकल लावलं की त्याच्या पोटातला प्लॅनही येतो, आणि माझा प्लॅन तर आधीच तिथे असतो. एकावर एक दोन भिंती! ओव्हरले असा पुढे जात नाही.

पाथ, म्हणजे जोडलेल्या फाइलीचा पत्ता, रिलेटिव्ह ठेवा: आपल्या फाइलीपासून मोजलेला. २०१८ च्या आवृत्तीपासून तोच आपोआप येतो. जुन्या आवृत्त्यांत ड्राइव्हच्या अक्षरासकट फुल पाथ येतो, बदलून घ्या. सर्व्हरचा ड्राइव्ह माझ्याकडे झेड आणि दुसऱ्याकडे वाय असला, की फुल पाथ तुटलाच. रिलेटिव्ह पाथ दुसऱ्या ड्राइव्हवर पोचत नाही, म्हणून सगळं एकाच प्रोजेक्ट फोल्डरमध्ये हवं. डेस्कटॉपवर काहीही नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते फाइलीचं नाव. एक्सरेफ नावावरून फाइल शोधतो. तुम्ही प्रेमाने ‘प्लॅन आर३’ अशा नव्या नावाने सेव्ह केलंत, तर बाकीचे चौघे आर२ वरच काम करत बसतात, आणि कुठेही एरर येत नाही. चालू फाइलीचं नाव कधीच बदलू नका; जुनी आवृत्ती तारीख घालून ‘जुने’ फोल्डरमध्ये टाका.

कोणी प्लॅन सेव्ह केला की खाली उजवीकडे फुगा येतो. तो बंद करू नका, रीलोड करा. फाइल लॉक दिसली तर हूहॅज कमांडने कळतं कोणी उघडून ठेवली आहे. (आमच्याकडे बहुधा जेवायला गेलेला माणूस.) लेयरचे रंग आपल्या शीटपुरते बदलायचे असतील तर व्हिसरिटेन हे सेटिंग १ ठेवा, नाहीतर फाइल पुन्हा उघडली की बदल गेले.

बाहेर पाठवताना नुसती शीट व्हॉट्सॲपवर टाकलीत तर समोरच्याला प्लॅनच्या जागी फक्त पाथचं नाव दिसतं. ईट्रान्समिट कमांड वापरा, एक्सरेफ आणि प्लॉट स्टाइल (प्रिंटमधल्या रेषांची जाडी-रंग ठरवणारी फाइल) यांसकट झिप तयार होते. बाइंड करायचं, म्हणजे एक्सरेफ त्याच फाइलीत कायमचा मिसळायचा, तर फक्त त्या पाठवायच्या कॉपीत, कामाच्या फाइलीत नाही. टायटल ब्लॉकमध्ये जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट असेल तर सोबत पीडीएफ द्याच, कारण समोर फॉन्ट नसला की प्रकल्पाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.