आरोग्य संशोधनातील डेटाच्या विश्लेषणासाठी नवे साधन: अनुदानाचा अर्ज कसा करावा

आरोग्य संशोधनातला डेटा तपासण्यासाठी नवे सॉफ्टवेअर किंवा नवी सांख्यिकी पद्धत विकसित करू पाहणारे बहुतेक अर्जदार आधी साधनाचे वर्णन लिहायला बसतात. त्यात कोणत्या सोयी असतील, ते किती वेगाने चालेल, कोणत्या संगणकीय भाषेत लिहिले जाईल, यानेच पाने भरतात. मात्र हे साधन नसल्यामुळे आज नेमके कोणाचे काय अडले आहे, हा परीक्षकाचा पहिला प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणून अर्जाची बांधणी अडचणीपासून सुरू करावी.

अडचण आधी पारखून घ्यावी

जनुकांच्या नावांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. स्प्रेडशीटच्या खान्यात ‘सेप्ट १’ हे जनुकाचे संक्षिप्त नाव टाइप केले, की एक्सेल त्याला १ सप्टेंबर ही तारीख समजून परस्पर बदलून टाकते, आणि हजारो ओळींच्या यादीत ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. जनुकशास्त्रातील आघाडीच्या नियतकालिकांची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या सुमारे एकपंचमांश शोधनिबंधांत अशा चुका आढळल्या. अडचण, ती कोणाला येते, किती वेळा येते आणि तिचे मोजमाप कसे केले, हे सगळे येथे एका परिच्छेदात सांगता येते. अर्जातील गरजेचा परिच्छेद असाच असावा.

याच प्रकरणाचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. चुका शोधणारी लहानमोठी साधने तयार झाली खरी. परंतु जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी काही नावेच बदलली आणि २०२० मध्ये नामकरणाचे तसे मार्गदर्शक नियमही प्रसिद्ध केले. ‘सेप्ट १’चे ‘सेप्टिन १’ झाले आणि तारखेचा गोंधळ मुळातच मिटला. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की ही अडचण नव्या साधनाने सुटणारी आहे, की नोंदीची पद्धत बदलून किंवा उपलब्ध सॉफ्टवेअरमध्ये थोडी भर घालून ती सुटेल? उत्तर दुसरे असेल, तर तसाच लहान अर्ज करावा. कामाचा आवाका उगाच फुगवलेला प्रस्ताव अनुभवी परीक्षक चटकन ओळखतो.

साधनाच्या वयाप्रमाणे योजना निवडावी

कागदावरची कल्पना, चालते प्रारूप आणि शेकडो प्रयोगशाळांत वापरले जाणारे साधन यांना एकाच प्रकारचा निधी मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने माहिती-तंत्रज्ञानाच्या आपल्या कार्यक्रमात हे टप्पे स्पष्टपणे वेगळे केले: अल्गोरिदमची निर्मिती, प्रारंभिक विकास, प्रगत विकास आणि टिकवण. तिथल्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, ‘आर २१’ या अनुदान प्रकारात प्राथमिक निष्कर्षांची सक्ती नसते. दोन वर्षांच्या थेट खर्चाला, म्हणजे संस्थेचा प्रशासकीय खर्च वगळून होणाऱ्या खर्चाला, २,७५,००० डॉलरची मर्यादा राहिली आहे आणि संशोधनाची मांडणी ६ पानांत बसवावी लागते. ‘आर ०१’ हा मोठा प्रकार असून त्याच मांडणीसाठी १२ पाने मिळतात, पण आधीच्या कामाचा पुरावा दाखवावा, ही अपेक्षाही त्याबरोबर येते. आधीच वापरात असलेल्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, साधनांच्या देखभालीसाठी चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्ह या अमेरिकी परोपकारी संस्थेने २०१९ पासून स्वतंत्र अनुदाने दिली आहेत. आपले साधन कोणत्या टप्प्यावर आहे, हे न ठरवता केलेला अर्ज गुणवत्तेचा विचार होण्याआधीच बाजूला पडण्याची भीती असते.

योजनेचे निवेदन शब्दन् शब्द वाचावे. पात्रता, परकीय संस्थांना मुभा, पानांची मर्यादा या गोष्टी दर फेरीत बदलू शकतात. त्यानंतर उद्दिष्टांचे एक पान लिहून ते कार्यक्रम अधिकाऱ्याला, म्हणजे निधी देणाऱ्या संस्थेत ती योजना सांभाळणाऱ्याला, पाठवावे आणि हे काम त्यांच्या योजनेत बसते का, असे सरळ विचारावे. अनेक अर्जदार संकोचाने हा टप्पा टाळतात, जे मला अनाकलनीय वाटते, कारण अशा शंकांना उत्तरे देणे हा त्या अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग आहे.

डेटा कुठून येणार आणि साधन कसे तपासणार

प्रस्तावाचा कस येथे लागतो. सार्वजनिक म्हणवला जाणारा आरोग्य डेटाही लगेच हाती येतोच असे नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या नोंदींचा ‘मिमिक’ हा डेटासंच घ्या. तो मिळवण्यासाठी ओळख पडताळून घ्यावी लागते, मानवी सहभागाच्या संशोधनाचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि वापराच्या करारावर सही करावी लागते. ब्रिटनमधील सुमारे ५ लाख स्वयंसेवकांच्या आरोग्यविषयक माहितीचा संग्रह असलेल्या यूके बायोबँकेसाठी संशोधनाचा रीतसर अर्ज मंजूर व्हावा लागतो. आचारनीती समितीची परवानगी आणि असे करार यांना लागणारा वेळ वेळापत्रकात स्पष्ट दाखवावा. तोवर काम थांबू नये म्हणून ‘सिंथिया’सारख्या साधनाने तयार केलेल्या कृत्रिम रुग्णनोंदींवर विकास सुरू करता येतो. मात्र अंतिम निष्कर्ष कृत्रिम नोंदींवर उभा करू नये.

पडताळणीची योजना तीन पातळ्यांवर लिहावी. पहिली पातळी खरे उत्तर आधीच माहीत असलेल्या, मुद्दाम रचलेल्या डेटाची. साधन ते उत्तर शोधून काढते का, हे तिथे कळते. दुसऱ्या पातळीवर आज वापरात असलेल्या पद्धतीशी एकाच डेटावर, एकाच मोजमापाने तुलना करावी. तिसरी पातळी विकासात कुठेही न वापरलेल्या, शक्यतो दुसऱ्याच रुग्णालयातून आलेल्या डेटाची. डेटाची विभागणी कशी करणार, हेही लिहून ठेवावे. समजा एका रुग्णाच्या चार भेटी नोंदलेल्या आहेत आणि विभागणी भेटींप्रमाणे केली, तर त्याच्या तीन भेटी प्रशिक्षणात, म्हणजे साधनाला शिकवण्याच्या डेटात, आणि चौथी चाचणीत जाऊ शकते. मग प्रतिमान (मॉडेल), म्हणजे डेटावरून शिकून भाकीत करणारी संगणकीय रचना, आजार ओळखण्याऐवजी त्या रुग्णालाच ओळखू लागते आणि अचूकता खोटीच वाढते. ‘विभागणी रुग्णनिहाय केली जाईल’ या एका वाक्याने परीक्षकाची शंका फिटते. रोगाचे भाकीत करणारे प्रतिमान असेल, तर अशा अभ्यासाचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या २०१५ च्या ‘ट्रायपॉड’ मार्गदर्शक तत्त्वांची २०२४ ची सुधारित आवृत्ती पाळणार असल्याचे नमूद करावे; यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) वापरले असो वा नसो, तीच लागू होते.

अंदाजपत्रक आणि त्यानंतरची वर्षे

संगणकांवरचा खर्च सगळ्यांना आठवतो. दस्तऐवजीकरण, चाचणी आणि वापरकर्त्यांचे प्रशिक्षण यांचा खर्च विसरला जातो. सांख्यिकीतज्ज्ञ आणि पूर्णवेळ सॉफ्टवेअर अभियंता यांचे वेतन स्वतंत्र दाखवावे. हे काम संशोधक विद्यार्थ्यांवर सोपवले, तर विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर कोड कोण सांभाळणार, हा प्रश्न येतोच. निधी संपल्यावर साधन कोणाकडे राहील, कोणत्या परवान्याखाली खुले होईल आणि चुका कोण दुरुस्त करेल, याला अर्धे पान द्यावे. डेटा व्यवस्थापनाची योजना वेगळी लागते. एनआयएचने २५ जानेवारी २०२३ पासून वैज्ञानिक डेटा निर्माण करणाऱ्या संशोधनासाठी ती आवश्यक केली आहे आणि ती दोन पानांत आटोपावी असे सुचवले आहे.

मुदतीच्या काही आठवडे आधी पूर्ण मसुदा दोघांना वाचायला द्यावा. एक जण संगणकक्षेत्रातला असावा आणि दुसरा रोज रुग्णांच्या नोंदी हाताळणारा. हे साधन आपल्या कोणत्या कामाला येईल, हे दुसऱ्याला वाचून सांगता आले नाही, तर गरजेचा परिच्छेद पुन्हा लिहावा. संस्थेच्या वित्त विभागाची मंजुरी आणि सहकारी संस्थांची पत्रे याच काळात मिळवावीत.

पहिल्या फेरीत नकार येणे नित्याचे आहे. परीक्षकांचे अभिप्राय हाती आले की त्यांतले आक्षेप वेगळे काढावेत, पैकी कोणते नव्या चाचणीने दूर होतील आणि कोणते केवळ मांडणी सुधारून, हे ठरवावे आणि मगच कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलावे. एनआयएचमध्ये मूळ अर्जानंतर ३७ महिन्यांच्या आत एकदा सुधारित अर्ज करता येतो, आणि त्यासोबतच्या एका पानाच्या प्रस्तावनेत प्रत्येक महत्त्वाच्या आक्षेपावर काय केले, हे लिहावे लागते.