द्राक्षमळ्यांच्या डोंगरात सायकल: कमरेवरची वाट कशी धरायची

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यात पहिल्यांदा सायकल नेली तेव्हा तीन दिवस मी नदीकाठच्या मार्गानेच गेले. मार्ग सुरेख आहे, चढ जवळपास नाहीच. पण शेजारून मोटारी आणि अधूनमधून रेल्वे. चौथ्या दिवशी मैत्रिणीने हट्टाने सायकल वर वळवली. साठ-सत्तर मीटर चढलो आणि सगळा गोंगाट खाली राहिला. वेलींच्या मधून ट्रॅक्टर जाईल एवढीच रुंद डांबरी वाट होती, बरीचशी सपाट. शंभर पावलांवर कुणीतरी वेली छाटत होतं, त्या कात्रीचा खट्-खट् आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्यानंतर द्राक्षांच्या मुलखात जिथे गेले तिथे मी हीच वाट शोधत आले: डोंगराच्या कमरेवरची. ती कशी शोधायची आणि तिच्यावर दिवस कसा काढायचा, ते सांगते.

आधी नकाशात

वेली उतारावर लावतात कारण तिथे पाणी साचत नाही, रात्रीची थंड हवा खाली ओघळून जाते आणि थंड प्रदेशात उन्हाकडे तोंड असलेल्या उताराला ऊब जास्त मिळते. म्हणून बऱ्याच ठिकाणी मांडणी सारखीच दिसते: माथ्यावर जंगल, तळाशी गाव आणि रस्ता, मधल्या पट्ट्यात मळे. मळ्यात वर्षभर काम असतं, त्यामुळे त्या पट्ट्यात वाटा असतातच. फ्रान्समधल्या अल्सासमध्ये वोज पर्वताच्या पूर्व पायथ्याला हे फार छान समजतं. तिथला मोटारींचा द्राक्षमार्ग १९५३ सालचा, सुमारे १७० किलोमीटरचा. सायकलींसाठी खुणा केलेला वेगळा मार्ग मळ्यांतून आणि आडरस्त्यांवरून जातो. पावसाचे ढग वोज अडवतो, त्यामुळे कोलमारच्या आसपास पाऊसही कमी. पहिल्याच सहलीला जायचं असेल तर मी तिकडे जा म्हणेन.

इटलीतल्या लांघे भागात मात्र हा हिशेब उलटतो. तिथली बरीच गावं टेकड्यांच्या धारेवर बसली आहेत. आल्बा १७० मीटरच्या आसपास, तर ला मोर्रा ५०० मीटरच्या वर. तिथे एकदा चढलात की धार सोडू नका, नाहीतर प्रत्येक गावासाठी खाली उतरून पुन्हा चढणं आलं.

चढ किती हे नकाशावरच्या समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, काढता येतं. रेषा २० मीटरच्या फरकाने असतील आणि दोन रेषांच्या मध्ये रस्ता २०० मीटर लांब असेल, तर चढ १० टक्के. १:२५,००० च्या नकाशावर हे अंतर ८ मिलिमीटर होतं. माझ्या करंगळीच्या नखाची रुंदी जवळपास तेवढीच आहे, त्यामुळे मी नख टेकवूनच पाहते. रेषा नखाच्या आत आल्या की तो रस्ता सामानासकट नको.

यानंतर उपग्रहाचं छायाचित्र उघडा आणि वेलींच्या ओळी बघा. ही सवय मला एका चुकीने लावली. फोनवरच्या एका नकाशाने दाखवलेल्या वाटेने आम्ही निघालो, ती आधी सिमेंटची झाली, मग गवताची, आणि शेवटी मळ्यातल्या दगडी पायऱ्या लागल्या. पिशव्या काढून, सायकली खांद्यावर घेऊन उतरायला पाऊण तास गेला. छायाचित्र पाहिलं असतं तर आधीच कळलं असतं. तीव्र उतारावर ओळी बहुतेक वरून खाली सरळ लावलेल्या असतात. जी वाट ओळींना आडवी छेदते ती सपाट, जी ओळींच्या बरोबरीने धावते ती अंगावर येणार. पोर्तुगालमधल्या डोरो खोऱ्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची शेती असेल तर बरोबर याच्या उलट वाचायचं, कारण तिथे बऱ्याच ओळी डोंगराला वळसा घालत जातात.

किती अंतर, कुठला गिअर

सायकल, सामान आणि मी मिळून ९५ किलो धरा. एवढं वजन १०० मीटर वर न्यायला, बोलता बोलता पॅडल मारण्याच्या ताकदीने म्हणजे साधारण १०० वॅटने, पंधरा मिनिटं लागतात. माझं सगळं नियोजन या एका आकड्यावर चालतं. सपाटीवर तासाला १५ किलोमीटर, वर दर १०० मीटर चढाला पाव तास. ४५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे तीन तास अधिक दीड तास. थांबे, गप्पा, चुकलेली वळणं धरली की दिवस भरला. यापेक्षा जास्त आखू नका. घाईत निघालेल्या माणसाला कमरेवरची वाट लाभत नाही, तो खालच्या रस्त्यालाच लागतो.

गिअरच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. माझ्या सायकलला पुढे सगळ्यात लहान चकती २६ दातांची आणि मागे सगळ्यात मोठी ३६ ची आहे. पॅडलच्या एका फेऱ्यात मी दीड मीटर पुढे जाते, मिनिटाला साठ फेरे म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटर. चालण्याहून थोडंसंच जास्त, पण गुडघे शाबूत आणि श्वास आपल्या ताब्यात. दुकानदार म्हणतील, एवढा हलका गिअर कशाला? दहा टक्क्यांच्या चढावर सामान घेऊन तिसरा दिवस उजाडला की कळतं. टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा, खडीवर चाक उसळत नाही.

सायकलचा आवाजही घालवा. साखळी पुसून तेलाचा एक-एक थेंब प्रत्येक कडीवर, जास्तीचं फडक्याने पुसून टाका. पिशव्यांचे हूक कॅरिअरवर खडखडतात, तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. बाटलीच्या जाळीचे स्क्रू आवळा. एवढं केलं की मळ्यात ससा किंवा तितर तुमच्या समोर वाटेवर निवांत बसलेला सापडेल.

ऊन आणि मळ्याचं काम

द्राक्षाच्या मळ्यात सावली नसते. वेली फारशा उंच नसतात, आणि उतार तर मुद्दाम उन्हाकडे तोंड करून निवडलेला. दुपारी तीनला दक्षिणेकडच्या उतारावर चढणं म्हणजे भट्टीत शिरणं. मोझेलच्या पाटीच्या दगडावर तर खालूनही धग लागते. म्हणून चढ सकाळी संपवा, दुपार माथ्यावरच्या जंगलात काढा. अल्सास किंवा बर्गंडीसारखे पूर्वेकडे तोंड असलेले उतार दिवस कलला की सावलीत जातात, तिथे संध्याकाळी चालवायला फार सुख वाटतं. पाणी दोन बाटल्या हवंच, वरच्या वाटेवर नळ भेटेलच असं नाही.

ही वाट मुळात कामाची आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. ट्रॅक्टर आला की उतरून ओळींच्या कडेला उभं राहायचं. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत फवारणी चालते. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, भुरीसाठी गंधक, आणि इतर औषधं. वारा पडलेला असतो म्हणून हे काम पुष्कळदा भल्या पहाटे करतात, नेमकी आपली निघायची वेळ. फवारणी यंत्राच्या पंख्याचा घरघराट ऐकू आला की वारा जिकडून येतो त्या बाजूने जा, किंवा थांबा. द्राक्षं भरायला लागली की पक्षी हुसकावायला नुसता मोठा आवाज करणाऱ्या गॅसच्या तोफा लावतात. पहिला बार अगदी जवळ झाला तेव्हा माझी सायकल वाटेबाहेर गेली होती. सूचना नसते, तेव्हा त्या दिवसांत हात ब्रेकवर असू द्या.

तोडणीचा हंगाम उत्तर गोलार्धात मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबर. बघायला सगळ्यात देखणा, चालवायला सगळ्यात अवघड. अरुंद वाटांवर ट्रॉल्या, वळणावर सांडलेला रस आणि चिखल. लांघेत नेब्बिओलो जातीची द्राक्षं उशिरा, बहुधा ऑक्टोबरात उतरवतात, तेव्हा सकाळी खोरी धुक्याने भरलेली असतात. धारेवर मुक्काम असेल तर धुकं वर येऊन विरेपर्यंत चहा घेत बसा. खाली उतरावंच लागलं तर पुढचा-मागचा दिवा लावा.

उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नका. वेग वाढला की दोन्ही ब्रेक ठाम दाबा, वेग मोडा, सोडा. रिमचे ब्रेक लांब उतारावर इतके तापतात की ट्यूब फुटू शकते. मध्ये थांबून हवा लागू द्या, तेवढ्यात खोरंही बघून होतं.

मुक्काम आणि चव

एका गावी निदान दोन रात्री राहा. मधल्या दिवशी पिशव्या खोलीवर ठेवून मोकळ्या सायकलीने फेरी मारली की तीच टेकडी निम्मी वाटते. वाइनची चव घ्यायची ती सायकल आत लावल्यावर, पायी जाऊन. दिवसा कुणी आग्रह केला तर चाखून थुंकायचं, तिथे त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. अरुंद वाटेवर तोल जरासा गेला तरी खाली दोन मजले भिंत असू शकते, शिवाय अनेक देशांत दारू पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा आहे. बाटली घ्यायची तर शेवटच्या मुक्कामी. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते आणि उन्हात पिशवीत तापली तर आतली वाइन बिघडते.

मळेवाल्याच्याच घरी खोली मिळाली तर जरूर घ्या. मोझेलवर आम्ही अशाच एका घरी उतरलो होतो. घरमालकांनी सायकली कोठारात घ्यायला मदत केली, आणि माझ्या मागच्या टायरच्या खाचेत अडकलेली निळसर-करडी पाटीची चिप नखाने काढून दिव्याखाली धरली. मग भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, या वळणावरून आलात ना? आम्ही तिथूनच आलो होतो.